चाकूची धार
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय लहान आहे. इतका लहान कीं तो खिशांत मावतो. मिटणारा चाकू, त्याची धार आणि ती लावण्याचीं साधनें यांविषयीं मी चार शब्द सांगणार आहें.

पूर्वींच्या पंतोजींजवळ बोरू तासण्यासाठीं चाकू असेच. इंग्रजींत अशा लहान चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात, तें नांवहि पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडलें. बोरू गेला, पण पेन्सिलीला टोंक करावें, कैरीच्या फोडी कराव्या, पार्सलाची सुतळी कापावी, यासाठीं चाकू घरोघर आहे. मात्र तो बहुधा बोथट असतो.

बोथट चाकू निरुपद्रवी, अशी पुष्कळांची समजूत असते. मुलांच्या हातीं मुद्दाम तसलाच चाकू देणारीं मातापितरेंहि आढळतात. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. धारेचा चाकू थोड्या जोरानें, जेथें लावाल तेथेंच रुततो. बोथट चाकू टोमॅटोच्या सालीवरून निसटतो. मग आपण जोर वाढवितों, आणि तो सगळा जोर घेऊन पातें डाव्या हाताच्या बोटावर उतरतें. पातें उघडें रोखून धरणारा खटका नसेल, तर वेड्यावांकड्या जोरानें तें मिटून उजव्या हाताच्या बोटांवरहि येतें. म्हणून धार लावणें ही नुसती हौस नव्हे. घरांतील माणसांचे हात सुरक्षित राहावे, यासाठीं ती लागते.

धार म्हणजे काय? पात्याच्या दोन उतरत्या बाजू जेथें मिळतात ती रेषा. ती दोन प्रकारांनीं बिघडते. कधीं ती एका अंगाला कलते. पोलाद जागेवर असतें, पण रेषा वांकलेली असते. कधीं ती झिजून गोल होते. पहिल्या दोषाला चामड्याचा पट्टा पुरतो. दुसऱ्याला दगडाखेरीज उपाय नाहीं. परीक्षा करावयाची तर धार वर करून पातें दिव्याखालीं धरावें. तीक्ष्ण रेषा दिसतच नाहीं. झिजलेल्या ठिकाणीं मात्र प्रकाशाची पांढरी रेघ चमकते.

आतां कोन. दगडावर पातें टेकवून त्याची पाठ किती उचलावी, यावर सर्व अवलंबून आहे. खिशांतल्या चाकूला प्रत्येक बाजूस सुमारें २० अंश योग्य. कोनमापक घेऊन कोणी बसत नाहीं. तेथें शाळेंतली भूमिति कामास येते. पात्याच्या रुंदीच्या एकतृतीयांश इतकी पाठ उचलली म्हणजे कोन साडेएकोणीस अंशांचा होतो. पातें १५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ ५ मिलिमीटर उचलावी. फळें चिरण्याच्या पातळ सुरीला एकचतुर्थांश, म्हणजे साडेचौदा अंश, चालेल. कोयत्यासारख्या जड हत्याराला अर्धी रुंदी, म्हणजे ३० अंश, हवी. लहान कोनाची धार तीक्ष्ण पण नाजूक, मोठ्या कोनाची जाड पण टिकाऊ. ठरविलेला कोन अखेरपर्यंत बदलूं न देणें, हें या कलेचें अर्धें मर्म आहे.

आतां दगडाकडे वळूं. पोलाद झिजवावयाचें तर त्याहून कठीण पदार्थ हवा. आमच्या पवईच्या टेकड्या काळ्या बेसाल्ट दगडाच्या. या भागांत पूर्वीं त्याच्या खाणीहि चालत. आपले पाटे-वरवंटेहि याच जातीच्या दगडाचे. पाट्यावर किंवा पायरीवर चाकू घांसण्याची पुष्कळ घरांची चाल आहे. पण खनिजांची कठिणता मोजण्याचें जें १ ते १० असें माप आहे, त्यावर या दगडांतील खनिजें सहाच्या आसपास येतात, आणि कठीण केलेलें पोलादहि फार दूर नसतें. बरोबरीचे मल्ल भिडले म्हणजे कुस्ती निकालीं निघत नाहीं. मसाला वाटून वाटून ज्याला टाकी लावून घ्यावी लागते, तो पाटा पोलाद काय झिजविणार?

कुरुंदाची कठिणता ९ आहे. त्याची भुकटी लाखेंत मिसळून आपल्या देशांतील कारागीर घांसणीचीं चाकें करीत. ‘कोरंडम’ हा इंग्रजी शब्दहि आपल्याच दक्षिणेकडील भाषांतून गेलेला आहे. ज्या १८९१ सालीं पवईचा तलाव तयार झाला, त्याच वर्षीं अमेरिकेंत एडवर्ड ॲचिसन यांस विजेच्या योगानें माती आणि कोळशाची भुकटी तापवितांना कुरुंदाहूनहि कठीण असा कृत्रिम पदार्थ मिळाला, तोच कार्बोरंडम. पुढें १९४१ सालीं मुंबईजवळ, उरणकडील मोरा येथें, ग्राइंडवेल हा घांसणीच्या चाकांचा देशांतील पहिला कारखाना निघाला. म्हणजे चांगला दगड आतां दुर्मिळ राहिलेला नाहीं. प्रश्न आहे तो निवडीचा.

घरासाठीं एकच दुहेरी दगड घ्यावा. एक बाजू जाडी, एक बारीक. दगडावरील आंकडा कणांचा बारीकपणा दाखवितो. एका इंचांत किती भोंकें असलेल्या चाळणींतून कण चाळले, यावरून ही पद्धति निघाली. आंकडा मोठा तितके कण बारीक. ४०० आणि १००० ही जोडी खिशांतल्या चाकूला पुरून उरते. दोनशेंच्या खालचा दगड पात्याला खांडे पडले असतील तरच घ्यावा. दगडाची लांबी निदान १५ सेंटिमीटर असावी. हिऱ्याच्या कणांची पट्टी महाग, परंतु ती मध्यें खोलगट होत नाहीं. मात्र तिच्यावर जोर देऊं नये, कण निखळतात. खोबणींतून पातें ओढण्याचीं लहान यंत्रें घाईच्या वेळीं ठीक. तीं आपलाच कोन पात्यावर लादतात आणि पोलाद ओरबाडून काढतात. सायकलीवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याच्या ठिणग्या पाहावयास सुंदर. पण पात्याचा काठ निळा पडला, तर त्यास सुमारें ३०० अंश सेल्सिअस उष्णता लागली आणि तेवढ्या भागाचें पाणी उतरलें असें समजावें. मधून मधून पातें पाण्यांत बुडविण्यास त्यास सांगावें. जाणता कारागीर तें आपणहून करतो.

आतां कृति. दगडाखालीं ओला फडका घालावा, म्हणजे तो सरकत नाहीं. दगडावर पाणी घालावें. चाकू पुरता उघडून, धार पुढें ठेवून, जणूं दगडाचा पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा रीतीनें पातें मुठीपासून टोंकापर्यंत न्यावें. जोर फळ्यावर खडू चालवितांना लागतो तितकाच. एकच बाजू घांसत राहिलें म्हणजे दुसऱ्या बाजूस पोलादाची अतिसूक्ष्म कोर उलटते. अंगठा पाठीकडून काठाकडे हलकेच नेला कीं ती लागते. धारेच्या लांबीनें अंगठा कधींहि फिरवूं नये. ही कोर सबंध लांबीभर लागली म्हणजे ती बाजू पुरी झाली. मग चाकू उलटावा. पुष्कळांचें येथेंच चुकतें. कोर येण्यापूर्वींच ते बाजू बदलतात आणि दोष दगडाला देतात. नाचतां येईना, अंगण वांकडें! दोन्ही बाजू झाल्यावर बारीक दगडावर तीच कृति हलक्या हातानें करावी, आणि शेवटीं जुन्या कमरपट्ट्याच्या चामड्यावर, पाठ पुढें ठेवून, प्रत्येक बाजू दहा-बारा वेळां ओढावी. उरलेली कोर निघून जाते.

कागदाची कड न फाटतां कापली गेली, कीं धार झाली. चाकू धुऊन पुसावा, बिजागरींतील भुकटी काढावी आणि तेथें तेलाचा एक थेंब सोडावा. दगड खोलगट झाला असेल तर कांचेवर काळा पॉलिशकागद ओला करून ठेवावा व त्यावर दगड घांसून सपाट करावा.

बोथट म्हणून टाकून दिलेल्या चाकूंत पोलाद बहुधा शाबूतच असतें. उणीव असते ती अर्ध्या तासाच्या लक्षाची. जाणत्या मुलांना आपल्याजवळ बसवून हें काम शिकवावें. हत्याराची भीति आणि हत्याराची बेपर्वाई, दोन्हीहि त्यानें कमी होतात.