तक्रार कुणी केलीच नाही

पुणे प्लेग कमिटीच्या अहवालात एका जागी समाधान नोंदवलेलं आहे. घरझडतीच्या काळात एखाद्या स्त्रीची जाणूनबुजून बेअब्रू झाली, अशी विश्वास ठेवण्याजोगी एकही तक्रार कमिटीकडे किंवा सैनिकांच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, अशा आशयाचं ते वाक्य आहे. कमिटीचा अध्यक्ष होता वॉल्टर चार्ल्स रँड. वाक्य खोटं असेलच असं नाही. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, तर ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच वरिष्ठांकडे. आणि जायचं कुणी, तर जिची शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत काख-जांघ तपासली गेली तिनं, नाहीतर तिच्या नवऱ्यानं. कोण गेलं असतं?

1897 चा पुण्याचा प्लेग आपल्याला ठाऊक असतो तो 22 जूनच्या रात्रीमुळे. गणेशखिंडीचा रस्ता, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी, चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या. त्यावर 1979 साली चित्रपटही आला. गोळ्यांचा इतिहास आपण तोंडपाठ केला. त्याच्या आधीच्या तीन महिन्यांत सरकार, वर्तमानपत्रं आणि आजारी शहर यांच्यात काय घडलं, हा भाग मात्र मागे पडला. करोनाची साथ अंगावरून गेल्यानंतर मला तोच भाग जास्त बोलका वाटतो.

सुरुवात मुंबईची. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तापानं फणफणलेले, जांघेत गाठ आलेले रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असं उघड सांगितलं. ते नगरपालिकेच्या स्थायी समितीचे सभासदही होते, त्यामुळे बोलणं दाबून टाकण्यासारखं नव्हतं. सरकारी यंत्रणा आधी सौम्य शब्द शोधत राहिली. व्यापाराचं बंदर, बाहेर क्वारंटाइनची धास्ती, मग ‘प्लेग’ हा शब्द तोंडातून काढायचा कसा? आणि एकदा काढल्यावर यंत्रणा एकदम दुसऱ्या टोकाला गेली. 6 ऑक्टोबरच्या जाहीरनाम्याद्वारे रोग्याला सक्तीनं इस्पितळात हलवण्याचा अधिकार पालिकेनं घेतला. महिनाअखेर सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. सक्ती सैल करावी लागली.

गिरणगावातल्या माणसानं इस्पितळावर का जावं? इस्पितळात गेलेला परत येत नाही, हे तो डोळ्यांनी पाहत होता. रोगीच शेवटच्या अवस्थेत नेले जात, त्यामुळे मरणाचं प्रमाण भयंकर होतं. उरलेली जागा अफवांनी भरून काढली. साहेब लोक माणसांना उलटं टांगून त्यांच्या अंगातून मोमियाई नावाचा औषधी अर्क काढतात, ही जुनी भीती पुन्हा जागी झाली. मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला त्याच ऑक्टोबरात कुणी डांबर फासलं होतं. त्या अपमानाच्या बदल्यात राणीनं माणसांची काळजं मागितली आहेत, असंही लोक बोलू लागले. इंग्रज अधिकाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हटलं. आपले सुशिक्षितही तेच म्हणत. पण अफवेत एक हिशेब असतो: सरकारनं आजवर आपल्याकडून घेतलं काय आणि दिलं काय, याचा. साऱ्याच्या, दुष्काळाच्या आणि शिपायाच्या रूपानंच भेटलेलं सरकार अचानक दारात येऊन ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणतं, तेव्हा माणूस त्या भल्याचा अर्थ लावू पाहतो. 1891 च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेल्या मुंबईतून त्या हिवाळ्यात निम्म्याच्या आसपास माणसं पळाली. जाताना काहींनी रोगही नेला.

4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा झाला. अवघी चार कलमं. एका कलमानं सरकारला साथ रोखण्यासाठी वाटेल ते नियम करण्याची मुभा दिली, दुसऱ्यानं ते मोडणाऱ्याला शिक्षा ठरवली. चौथं कलम म्हणतं की, या कायद्याखाली सद्हेतूनं केलेल्या कृत्याबद्दल कुणावरही दावा किंवा खटला चालणार नाही. नागरिकानं दाद कुठे मागायची, याचं कलम नाही.

प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात रँडला आणलं गेलं. साताऱ्याला तो असिस्टंट कलेक्टर होता. सोबत कर्नल फिलिप्स आणि हाँगकाँगच्या प्लेगचा अनुभव असलेला डॉ. बेव्हरिज. 13 मार्चला घरझडती सुरू झाली ती 19 मेपर्यंत चालली. कामाला सुरुवातीलाच 893 अधिकारी आणि शिपाई, गोरे आणि देशी, डरहॅम लाइट इन्फन्ट्रीच्या मेजर पॅजेटच्या हाताखाली. (झडती सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, 10 मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यानं पुण्याबाहेर माळरानावर चालवलेल्या दवाखान्यात त्या रोगी आणत होत्या. त्या दवाखान्याला पलटण लागली नव्हती.)

सोजिरांची तुकडी गल्लीचं तोंड अडवी. दार उघडायला उशीर झाला तर कुलूप तुटे. माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, सगळीकडे बूट जात. संशयिताला इस्पितळात, त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत धाडत. अंथरूण-पांघरूण जाळत, जमीन खणत, भिंतींना चुना मारत. घरच्या माणसांचा राग निव्वळ सोवळ्याओवळ्याचा होता, असं समजणं सोपं आहे. गादी जळाली, भांडीकुंडी गेली, छावणीत राहिल्यानं मजुरी बुडाली, याचं दुःख सोवळ्यापेक्षा कमी नव्हतं. आणि विशेष म्हणजे हा सारा खटाटोप बराचसा चुकीच्या दिशेनं होता. उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू यांचा संबंध पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत दाखवला, आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. माणसं हलवली जात होती, उंदीर घरातच होते.

या काळात वर्तमानपत्रं काय करत होती? ‘केसरी’ पहिल्यापासून विरोधात होता, ही समजूत चुकीची आहे. टिळकांनी स्वच्छतेच्या, विलगीकरणाच्या उपायांना आधी पाठिंबा दिला होता. शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली. ते स्वतः पुण्यात राहिले, हिंदू प्लेग इस्पितळ उभारायला हातभार लावला, झडतीच्या वेळी स्वयंसेवक म्हणून फिरले. त्यांची मागणी साधी होती: काम करा, पण शहरातल्या माणसांना बरोबर घेऊन करा. लष्कराच्या जागी लोकांनी निवडलेले पंच असते तर दार कदाचित आतून उघडलं असतं. रँडला हे पसंत नव्हतं. अशा कामात चर्चा म्हणजे वेळेचा अपव्यय, असं मानणाऱ्यांपैकी तो होता. मग त्याच ‘केसरी’त तक्रारी वाढत गेल्या, भाषा धारदार होत गेली.

सरकार हे वाचत नव्हतं का? वाचत होतं, फार बारकाईनं. देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला सरकारसाठी तयार होई. कुठल्या गल्लीत काय झालं, कुठल्या इस्पितळात दूध मिळत नाही, याची इतकी स्वस्त आणि ताजी खबर सरकारला दुसरीकडून मिळाली नसती. पण तो गोषवारा राजद्रोह हुडकण्याच्या नजरेनं वाचला जाई. तक्रारीखाली काय आहे हे पाहण्याऐवजी ती लिहिणारा कोण, हे पाहिलं जाई. त्यामुळे शहराचा एकमेव बोलता झरोका सरकारनं पुराव्याच्या फायलीत नेऊन ठेवला.

या सगळ्यातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग गोखल्यांचा आहे. गोपाळ कृष्ण गोखले त्या उन्हाळ्यात, हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. वय एकतीस, फर्ग्युसनचे प्राध्यापक, बोलण्या-लिहिण्यात अतिकाटेकोर. पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. त्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितलं की, सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीनं जीव दिला. पार्लमेंटात प्रश्न झाला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ठाम इन्कार कळवला. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्लेगच्या बंदोबस्तात बायका-मुलींची कशी आबाळ होते ते मांडलं होतं, तेही सरकारनं खोडून काढलं. रमाबाईंनी निदान स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आश्रयातल्या मुलींबद्दल लिहिलं होतं. गोखल्यांच्या हातात दुसऱ्यांची पत्रं होती.

जुलैअखेर ते मुंबईला उतरले तोवर रँड मेला होता. चापेकरांच्या गोळीनंतर 3 जुलैला त्यानं प्राण सोडला, लेफ्टनंट आयर्स्ट तर जागीच गेला होता. 27 जुलैला टिळकांना अटक झाली. पुण्यातल्या नातू बंधूंना 1827 च्या जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीशिवाय डांबलं होतं. अशा दिवसांत गोखल्यांनी पत्रलेखक मित्रांना विचारलं, तुमची नावं सांगू का? कुणी परवानगी दिली नाही. त्यांना दोष देणं अवघड आहे. गोखल्यांपुढे दोनच वाटा उरल्या: मित्रांना पोलिसांच्या हवाली करायचं, किंवा सिद्ध न होणारं विधान मागे घ्यायचं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी बिनशर्त, जाहीर माफी मागितली. गव्हर्नरची, कमिटीची आणि सैनिकांचीही. पुण्यात त्यांना भित्रा म्हटलं गेलं.

मला ते भित्रे वाटत नाहीत. पण त्या माफीनंतर काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. सरकारच्या लेखी अत्याचार झालेच नाहीत हे सिद्ध झालं. पुण्याच्या लेखी खरं बोलणाऱ्याला गुडघे टेकायला लावलं हे सिद्ध झालं. त्या दोन बायकांचं प्रत्यक्षात काय झालं, हे शोधायला कुणीच निघालं नाही. बातमीला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदाराला आपण उद्या घरी असू याची खात्री लागते. ती खात्री काढून घेतली की खरी बातमी आणि कंडी दिसायला सारख्याच होतात. मग ज्याला जे मानायचं ते तो मानतो.

टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला सप्टेंबरात न्या. स्ट्रेची यांच्यापुढे चालला. आरोपाचा आधार होता 15 जूनच्या ‘केसरी’तला शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त आणि एक कविता. सहा विरुद्ध तीन अशा ज्यूरीच्या मतानं दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. रँडच्या मृत्यूनंतर अग्रलेखातून सरकारचं डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारणारा संपादक तुरुंगात गेला. ‘केसरी’नंही अंगार फुलवला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही; त्या वृत्तान्तातलं अफझलखानाच्या वधाचं समर्थन आणि प्लेगचा संताप एकाच अंकाच्या आगेमागे छापले की वाचक त्यांची सांगड घालणारच. तरीही खटल्यानं प्लेग एका दिवसानंही लवकर हटला नाही. तो पुन्हा आला, आणि देशभर वीस वर्षांत सुमारे एक कोटी माणसं घेऊन गेला.

सरकार शहाणं झालं ते उपदेशानं नव्हे, दमून. 9 मार्च 1898 रोजी मुंबईत मदनपुऱ्याच्या जुलाह्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीची तपासणी करू देण्यास घरच्यांनी नकार दिला आणि दंगल उसळली. त्यानंतर धोरण उघडपणे मवाळ झालं. जातीजमातींनी आपापली इस्पितळं काढावीत, घरच्यांनी रोग्याजवळ बसावं, ओळखीच्या वैद्य-डॉक्टरांनी तपासावं, अशा सवलती आल्या. टिळक वर्षभरापूर्वी जवळपास हेच मागत होते, याची आठवण तेव्हा कुणी काढली नाही.

लशीची गोष्टही याच धर्तीची. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांना टोचण्याची भीती होतीच. खोज्यांचे धर्मगुरू तिसरे आगाखान स्वतः सर्वांदेखत टोचून घेऊन उभे राहिले, तेव्हा मुंबईचे खोजे पुढे आले. टोचून घेतलेल्याला विलगीकरणातून सूट मिळू लागली. 1898 मध्ये हुबळीत गावच्या गाव टोचून घ्यायला आलं. मग 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवालमध्ये एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं मेली. हाफकिनांवर ठपका ठेवला गेला, आणि तो धुऊन निघायला 1907 उजाडलं; रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना त्यासाठी ‘लंडन टाइम्स’मधून पत्र लिहावं लागलं. परळला आज हाफकिन यांच्या नावाची संस्था उभी आहे.

13 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रानं मुंबई-पुण्यासह काही शहरांत हाच साथरोग कायदा लागू केला. लगोलग आलेल्या नियमावलीत करोनाविषयी चुकीची माहिती पसरवायला बंदी होती, आणि खातरजमेसाठी आरोग्य खात्याच्या पूर्वसंमतीची अट होती. 14 एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर परप्रांतीय मजुरांची गर्दी झाली. गाड्या सुटणार या बातमीवरून एका मराठी वाहिनीच्या पत्रकाराला अटक झाली. दोनच दिवसांनी पालघरच्या गडचिंचल्यात मुलं पळवणाऱ्या, मूत्रपिंडं काढणाऱ्या टोळीच्या अफवेनं दोन साधू आणि त्यांच्या गाडीचालकाचा जीव घेतला. मोमियाईचा हा नवा अवतार. एप्रिलमध्येच सरकारनं वर्तमानपत्र छापायला परवानगी दिली पण घरोघर टाकायला मनाई केली. रिकाम्या दारात मग व्हॉट्सअ‍ॅप येऊन बसलं.

त्याच महिन्यांत धारावीत वेगळं घडत होतं. वस्तीतच वर्षानुवर्षं दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर पीपीई किट चढवून महापालिकेच्या माणसांबरोबर गल्ल्यांतून फिरले. ज्याच्याकडे मुलाचा ताप दाखवला त्यानंच दार वाजवलं. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. आणि 16 जूनला राज्यानं आधी न मोजलेले 1,328 मृत्यू स्वतःच्या आकड्यांत मिळवले, त्यातले 862 मुंबईचे. विरोधकांनी झोड उठवली, वर्तमानपत्रांनी मथळे दिले. तो आकडा बाहेर आला नसता तर नंतरच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवायला मला जड गेलं असतं.

1897 च्या कायद्यात 2020 मध्येच दुरुस्ती झाली. आधी एप्रिलमध्ये अध्यादेश, मग सप्टेंबरात कायदा. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली. ती हवीच होती. त्यांच्यावर दगड पडत होते. नव्या कलमांत रुग्णानं किंवा त्याच्या घरच्यांनी तक्रार कुठे करायची याचा उल्लेख नाही. चौथं कलम जिथे होतं तिथेच आहे.