पैठणीला कात्री लागते तेव्हा...

येवल्याची पैठणी म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो लग्नाचा मांडव, नारळी काठ आणि मोरांनी भरलेला पदर. 'अवाँ गार्द' फॅशन म्हटली, की आठवतात रॅम्पवरचे विचित्र आकाराचे, कोणी घालील की नाही अशी शंका यावी असे पोशाख. या दोहोंचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र हातमागाच्या उद्याच्या वाटचालीचा प्रश्न आला, की या दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात.

'अवाँ गार्द' हा मूळचा फ्रेंच लष्करी शब्द. त्याचा अर्थ सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी. फॅशनमध्ये ही तुकडी 'सुंदर काय दिसते' यापेक्षा 'वस्त्र म्हणजे काय' हा प्रश्न आधी विचारते. १९८१ मध्ये रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो या जपानी डिझायनरांनी पॅरिसमध्ये काळे, विस्कटलेले, असमान कापाचे कपडे दाखवले, तेव्हा समीक्षकांनी नाके मुरडली. पुढे तेच आकार सौम्य होऊन सामान्य दुकानांत आले. या शाखेचे काम असेच चालते. रॅम्पवरचा पोशाख हा बहुधा प्रयोग असतो आणि त्याचा परिणाम कालांतराने बाजारात दिसतो.

भारतीय डिझायनरांनी अशा प्रयोगांना हातमागाची जोड दिली. पॅरिसच्या 'ओत कुत्यूर' सप्ताहात २०२० च्या जानेवारीत राहुल मिश्रा यांनी आपले कलेक्शन सादर केले. २०२१ च्या जुलैत मुंबईच्या वैशाली शडांगुळे तेथे पोहोचल्या. या सप्ताहात कलेक्शन मांडणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर ठरल्या. हातमागाच्या कापडाला पीळ, चुण्या आणि दोऱ्यांसारख्या शिवणी देऊन शिल्पासारखे आकार घडवणे, ही त्यांची ओळख आहे.

मग नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या येवल्याच्या मागावर हे का घडू नये? तांत्रिकदृष्ट्या पैठणी त्यासाठी अतिशय सोयीची आहे. जॅकार्डवर नक्षी छिद्रे पाडलेल्या पत्त्यांत आधीच बांधलेली असते. अस्सल पैठणीत मात्र विणकर रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या ताण्याच्या धाग्यांतून हाताने फिरवतो आणि शेजारचे रंग एकमेकांत अडकवत जातो. म्हणूनच तिची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. म्हणूनच मोर, मुनिया वा कमळ पदरावरच हवे, अशी मागाची सक्ती नसते. आकृती कापडात कोठेही, कोणत्याही मापाची विणता येते.

अडचण आहे ती कात्रीची. एका पैठणीला महिना ते वर्षभरही लागू शकते. तयार साडी कापली, तर काठ आणि पदर यांचे नाते तुटते, जर उसवते आणि कित्येक दिवसांची मेहनत कतरणीत जाते. म्हणून जाणकार डिझायनर साडी विकत घेऊन कापत नाही. तो आधी पोशाखाचा आराखडा विणकरापुढे ठेवतो आणि त्या मापाचे कापड विणवून घेतो. पहिल्या पद्धतीत विणकर केवळ पुरवठादार असतो, तर दुसरीत तो सहनिर्माता होतो.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातील नोंद 'पैठणी साड्या आणि कापड' अशी आहे, केवळ साडीची नव्हे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते. आकृतीचे श्रेय आणि मोबदला त्यातून आपोआप मिळत नाही. २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला उल्लेखाविना दाखवल्या आणि टीका झाल्यावर त्यांचे मूळ मान्य केले, हे ताजे उदाहरण आहे.

या बाबतीत मध्य अमेरिका पुढे गेली आहे. पनामाने २००० मध्येच कायदा करून गुना स्त्रियांच्या 'मोला' या कापडी कलेसह आदिवासींच्या सामूहिक हक्कांना संरक्षण दिले. ग्वाटेमालात माया विणकर महिला आपल्या नक्ष्यांच्या सामूहिक मालकीसाठी न्यायालयापर्यंत गेल्या. त्या देशांतील नवे डिझायनर पारंपरिक विणीला हात लावतात, तेव्हा 'ही वीण कोणाची?' हा प्रश्न त्यांना टाळता येत नाही.

येवल्यापुढेही तोच प्रश्न आहे. यंत्रमागावरची स्वस्त नक्कल हातमागाची बाजारपेठ कमी करत आहे. नक्कल करता येणार नाही असे काम मागावर आले, तर पुढची पिढी तेथे टिकण्याची शक्यता वाढेल. मात्र त्या कामावर डिझायनरच्या नावाबरोबर विणकराचेही नाव हवे आणि दामही त्याच मानाने हवा. तसे झाले नाही, तर रॅम्पवरच्या टाळ्या पॅरिसमध्येच विरतील आणि येवल्याच्या मागापर्यंत त्यांचा आवाज पोहोचणार नाही.