कॅप घासली, पण पॉलिश केली का?

रूट कॅनॉल झालं, दाढेवर पांढरी कॅप बसली, पैसे मोजून झाले की आपल्याला घरची घाई होते. पोरं शाळेतून यायची असतात, कुकर लावायचा असतो. पण मैत्रिणींनो, त्या खुर्चीत आणखी पाच-दहा मिनिटं बसाच!

कॅप बसवताना डॉक्टर दातांत रंगीत कागद धरून ‘चावा’ म्हणतात. कॅप जिथे उंच, तिथे डाग उमटतो. तेवढा भाग ते हिऱ्याची कणी लावलेल्या, गरगर फिरणाऱ्या टोकानं घासतात. उंची बरोबर होते, पण वरची चकाकी जाते आणि ओरखडे उरतात. कणी जाड असली तर ओरखडे खोल. आता आपला पाटा आठवा. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर चटणी नुसती सरकते. टाकी लावून घेतली की कशी झरझर वाटली जाते! घासून तशीच सोडलेली कॅप म्हणजे टाकी लावलेला पाटाच, आणि त्यावर वाटला जातो समोरचा आपला धडधाकट दात. दाताचं कवच एकदा झिजलं की पुन्हा येत नाही. मग गार पाण्याचा घोटही झोंबतो.

‘झिर्कोनियाची कॅप नको बाई, फार कडक, समोरचा दात खाते,’ असं पुष्कळजणी म्हणतात. कडक आहे खरी, दाताच्या कवचाच्या तीन-चार पट. पण प्रयोगांत दिसलं ते उलटंच. नीट पॉलिश केलेला झिर्कोनिया समोरचा दात जुन्या पोर्सेलीनपेक्षा कमी झिजवतो. दात खातो तो खरबरीतपणा! वरून नुसता काचेसारखा लेप देऊनही भागत नाही. तो पातळ असतो, चावून चावून उडतो, आणि खाली पॉलिश नसेल तर पुन्हा तीच खरखर.

तेव्हा न लाजता विचारा, ‘डॉक्टर, घासल्यावर पॉलिश केलंत ना?’ त्यासाठी रबरी चाकं मिळतात. आधी भरड, मग बारीक, अशी क्रमानं फिरवायची. घासताना पाण्याचा फवाराही हवा. कोरडं, दाबून घासलं तर कॅप तापते आणि बारीक तडे जाण्याची भीती असते.

निघण्यापूर्वी जिभेनं चाचपून बघा. खरखर लागली तर तिथंच सांगा. भूल दिलेली असेल तर मात्र चावा नीट कळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी जेवताना लक्ष ठेवा. कॅप उंच लागली तर पुन्हा जा, आणि पुन्हा घासली तर पॉलिशही पुन्हा करून घ्या, बरं का!