विश्लेषण : इंटरनेट वेगवान, तरी पुण्याच्या सर्व्हरवरची विंडो वर्ध्यात कासवगतीने का उघडते?

घरी १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे, व्हिडीओ न अडकता चालतो. पण पुण्यातील सर्व्हरवर लॉगिन करून एखादे ग्राफिकल सॉफ्टवेअर उघडले की विंडो यायला अर्धा मिनिट लागतो, मेन्यूवर क्लिक केले की तो खाली यायला आणखी काही सेकंद. वर्धा, हिंगणघाट, आर्वीसारख्या ठिकाणी राहून संशोधनाचे किंवा प्रकल्पाचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची ही अडचण आहे. अशा वेळी अनेक जण महागडा प्लॅन घेतात. ते पैसे बहुतेकदा वाया जातात.

दूरच्या सर्व्हरवर काम करावेच का लागते?

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण घेता येईल. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या या दुर्बिणीच्या एकेका निरीक्षणाचा डेटा शेकडो जीबीपर्यंत जाऊ शकतो. तो लॅपटॉपवर उतरवून घेणे व्यवहार्य नसते. म्हणून डेटा जिथे आहे तिथेच ‘कासा’सारखे सॉफ्टवेअर चालवायचे आणि आलेख मात्र आपल्या पडद्यावर पाहायचा, अशी पद्धत रुळली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. अशी यंत्रे मोजक्या शहरांत असतात, वापरणारे मात्र सगळीकडे.

मग वेग कुठे अडतो?

युनिक्स आणि लिनक्सवर खिडक्या दाखवण्याचे काम ‘एक्स विंडो’ ही प्रणाली करते. ती १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत जन्मली आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे ‘एक्स ११’, १९८७ मध्ये आली. (गंमत म्हणजे यात ‘एक्स सर्व्हर’ म्हणतात तो आपल्या टेबलावरच्या लॅपटॉपला. चित्र दाखवण्याची सेवा तोच देतो.) ही रचना एकाच आवारातील जाळ्यासाठी ठीक होती. सॉफ्टवेअर पडद्याला सतत प्रश्न विचारते : रंग कोणते, फॉन्ट कोणता, विंडोची मापे काय? यातील अनेक प्रश्नांचे उत्तर येईपर्यंत पुढचे काम थांबते.

आता हिशेब पाहू. वर्धा ते पुणे सरळ रेषेत सुमारे साडेपाचशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन साडेपाच मिलिसेकंद. प्रत्यक्षात तार वळणावळणाने जाते, वाटेत राउटर असतात, घरचे वायफाय असते. समजा एका फेरीला ४० मिलिसेकंद लागले आणि विंडो उघडताना अशा ५०० फेऱ्या झाल्या, तर २० सेकंद नुसत्या वाट पाहण्यात गेले. त्याच फेऱ्या पुण्यातल्या आवारात अर्ध्या मिलिसेकंदाच्या असतील, तर पाव सेकंदात काम होते. १०० ऐवजी ३०० एमबीपीएस घेतले तर रस्ता रुंद होतो, अंतर तेवढेच राहते.

दोष नेमका कशात, हे कसे ओळखायचे?

आधी ‘पिंग’ने फेरीचा वेळ मोजावा. वायफायऐवजी केबल लावून पुन्हा मोजावा. आकडा सतत वरखाली होत असेल तर दोष घरातही असू शकतो. पासवर्ड दिल्यावर साधा टर्मिनलच उशिरा येत असेल, तर ग्राफिक्सचा संबंध नाही. सर्व्हर आपल्या पत्त्याचे नाव डीएनएसमध्ये शोधत अडकलेला असू शकतो. फाइलींची यादीही रेंगाळत येत असेल तर साठवण यंत्रणेवर ताण आहे. ‘टॉप’ या आज्ञेने सर्व्हरवरचा भार दिसतो. लॉगिन नोड सगळ्यांचा सामायिक असतो आणि कुणीतरी जड काम तिथेच सुरू केलेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे. हे सर्व ठीक असेल आणि ‘एक्सक्लॉक’सारखे छोटे घड्याळ पटकन उघडत असेल, पण मोठे सॉफ्टवेअरच रखडत असेल, तर फेऱ्यांचाच प्रश्न आहे, असे समजावे.

उपाय काय?

एसएसएचमधील कॉम्प्रेशनचा पर्याय पुष्कळदा सुचवला जातो. मंद लाइनवर तो उपयोगी पडतो, पण फेऱ्या कमी करत नाही. खरा फरक पडतो तो पद्धत बदलल्यावर. व्हीएनसीमध्ये सगळी प्रश्नोत्तरे सर्व्हरवरच होतात आणि आपल्याकडे फक्त तयार चित्र येते. ‘एक्स टू गो’ आणि ‘एक्सप्रा’ हीही त्याच कामाची साधने. त्रिमितीय चित्रांसाठी ‘व्हर्च्युअल जीएल’ सर्व्हरचेच ग्राफिक्स कार्ड वापरते. व्हीएनसी मात्र एसएसएचच्या बोगद्यातूनच चालवावे. उघड्यावर ठेवणे धोक्याचे. आणि ते सुरू करण्याआधी त्या केंद्राचे नियम पाहावेत.

याचा आणखी एक फायदा विदर्भात विशेष जाणवेल. एसएसएचमधून थेट आणलेली विंडो वीज गेली, राउटर बंद पडला की सॉफ्टवेअरसकट मरते. तासभराचे काम गेले. व्हीएनसीचे सत्र सर्व्हरवर तसेच राहते. वीज आली की जिथे सोडले तिथून पुढे.

कित्येकदा विंडोची गरजच नसते. ‘कासा’मध्ये आलेख पडद्यावर न दाखवता थेट चित्राच्या फाइलीत उतरवता येतो. काहीशे केबींची ती फाइल वर्ध्यात मागवून फोनवरही पाहता येते.