निशाणी बदला, पण गिऱ्हाईक हरवू नका

अमरावतीत आमचे कापडाचे दुकान आहे. धारणी, चिखलदऱ्याकडून येणारी बरीच गिऱ्हाइके पाटी वाचून नव्हे, तर पाटीवरचे खजुरीचे झाड पाहून दुकानात शिरत. थैलीवरही तेच हिरवे झाड होते. काही वर्षांपूर्वी आम्हाला नवेपणाची हौस आली. झाड काढले आणि चार रंगांत झगमगीत अक्षरे छापून घेतली. थैलीचा खर्च वाढला तो वाढलाच, वर लगीनसराईत एका जुन्या गिऱ्हाइकाने शेजारच्या दुकानात विचारले, "खजुरीवाले दुकान बंद झाले काय?" तेव्हा आमचे डोळे उघडले.

निशाणी कधीच बदलू नये, असे आमचे म्हणणे नाही. ती कशी बदलावी, याचा चांगला दाखला वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थांकडे मिळतो. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प असल्याने हे काम वऱ्हाडाला परके नाही. या संस्था माल विकत नाहीत. लोकांच्या विश्वासावर देणग्या गोळा करतात. त्यामुळे निशाणी हीच त्यांच्या दुकानाची पाटी.

'वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड' ही संस्था १९६१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाली. तिची भारतातील शाखा १९६९ मध्ये मुंबईत स्थापन झाली. निशाणी म्हणून पांडा हा प्राणी निवडला गेला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील ची-ची नावाची पांडा मादी तेव्हा लोकांची लाडकी होती. संस्थापकांपैकी पीटर स्कॉट यांनी चित्र पक्के केले. त्यात व्यापारी हिशेबही होता. पांडा मुळातच काळा-पांढरा, म्हणून एका शाईत छपाई भागते. आपल्याकडे थैली छापणाऱ्या कारागिराला हे सांगायला नको. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. अकोल्याच्या प्रेसिंगमधून निघणाऱ्या कापसाच्या गाठीवरचा मार्काही एकाच शाईत असतो आणि गोदामात लांबून ओळखू येतो.

पुढे संस्थेचे काम प्राण्यांपुरते राहिले नाही. म्हणून १९८६ मध्ये तिने 'वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर' असे नाव घेतले. मात्र डब्ल्यू-डब्ल्यू-एफ ही आद्याक्षरे तीच ठेवली. पांडाही ठेवला, फक्त डोक्यावरची आणि पाठीवरची रेघ काढून टाकली. काळे ठिपके पाहून उरलेला पांडा डोळा आपोआप पुरा करतो. चित्र सोपे झाले, लहान आकारातही स्पष्ट उमटू लागले आणि ओळख कायम राहिली.

आपल्या मुंबईचे उदाहरण पाहा. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची निशाणी धनेश पक्षी आहे. विल्यम नावाचा धनेश १८९४ पासून १९२० पर्यंत सोसायटीच्या जागेतच राहत होता. सोसायटीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९३३ मध्ये, त्याच्यावरून निशाणी तयार झाली. पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांचे नाव याच संस्थेशी जोडलेले आहे. पुढे शहराचे नाव मुंबई झाले, तरी संस्थेने कमावलेले नाव सोडले नाही.

आता कायद्याची बाजू. अमेरिकेतील एक कुस्ती कंपनीही डब्ल्यू-डब्ल्यू-एफ हीच अक्षरे वापरत असे. १९९४ मध्ये दोघांत लेखी करार झाला होता, तरी प्रकरण ब्रिटनच्या न्यायालयात गेले. निकाल वन्यजीव संस्थेच्या बाजूने लागला. २००२ मध्ये कुस्ती कंपनीला शेवटचे अक्षर बदलून 'ई' घ्यावे लागले. इतक्या मोठ्या कंपनीवर ही वेळ येते, मग आपल्यासारख्यांनी किती जपायला हवे!

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, बदलण्याआधी दहा जुन्या गिऱ्हाइकांना विचारावे, "आमचे दुकान कशावरून ओळखता?" जे सांगतील, त्याला हात लावू नये. दुसरी, नवी निशाणी एका रंगात, अंगठ्याएवढ्या आकारात छापून पाहावी. ओळखू आली तरच पक्की करावी. तिसरी, तशीच निशाणी दुसऱ्या कोणाची नाही ना, हे तपासून १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याखाली नोंदणी करावी. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. नोंदणी दहा वर्षे टिकते, नंतर नूतनीकरण करता येते.

आम्ही खजुरीचे झाड पाटीवर परत आणले आहे. पाने मात्र कमी केली आहेत.