ख्रिस्ती-निरीश्वरवादी वैमनस्य

ख्रिस्ती धर्मश्रद्धा बाळगणारे आणि ईश्वराचे अस्तित्व नाकारणारे यांच्यामधील विरोध व त्यातून एकमेकांविषयी रूढ झालेल्या साचेबंद कल्पना. निरीश्वरवादी म्हणजे नीतीची चाड नसलेला, उद्धट व कशातही मांगल्य न मानणारा, ही ख्रिस्ती समाजात आढळणारी प्रतिमा. तर ख्रिस्ती म्हणजे भाबडा, विज्ञानविरोधी व धर्मांतरासाठी टपलेला, ही निरीश्वरवाद्यांत आढळणारी प्रतिमा. दोहोंत एखाद्या व्यक्तीवरून वा प्रसंगावरून संपूर्ण वर्गाविषयी निष्कर्ष काढलेला असतो. प्रस्तुत नोंदीत या वैमनस्याची पार्श्वभूमी आणि कोकणातील, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, परिस्थिती यांचा विचार केला आहे.

संज्ञा : ‘नास्तिक’ ही संज्ञा बहुधा इतरांनी लावलेली असते व लावणाऱ्यानुसार तिचा अर्थ पालटतो. मनुस्मृतीनुसार वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. सांख्य व पूर्वमीमांसा ही दर्शने जगत्कर्ता ईश्वर मानीत नसूनही आस्तिक गणली जातात. याच निकषाने वेदप्रामाण्य न मानणारा ख्रिस्ती मात्र नास्तिक ठरेल. रोमन साम्राज्यात असेच घडले. राज्याच्या देवतांची पूजा नाकारल्यामुळे आरंभीच्या ख्रिस्ती लोकांवर निरीश्वरवादाचा आरोप ठेवण्यात आला. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन याने, त्या देवतांपुरता हा आरोप आपणास मान्य असल्याचे आपल्या समर्थनपर ग्रंथात म्हटले आहे.

यूरोपीय पार्श्वभूमी : निरीश्वरवादी अनीतिमान असतो, या समजुतीस शपथेच्या संस्थेने बळ दिले. जॉन लॉकने १६८९ मधील आपल्या सहिष्णुताविषयक पत्रात निरीश्वरवाद्यांना सहिष्णुतेच्या कक्षेबाहेर ठेवले. कारण ईश्वरच न मानणाऱ्यास वचन व शपथ यांचे बंधन राहत नाही, असे त्याचे मत होते. त्यापूर्वीच, १६८२ मध्ये, प्येर बेलने निरीश्वरवाद्यांचा समाजही सदाचारी असू शकेल, असे प्रतिपादन केले होते. शपथेच्या वादामुळेच चार्ल्स ब्रॅडलॉ या निरीश्वरवाद्यास १८८० मध्ये निवडून येऊनही १८८६ पर्यंत ब्रिटिश संसदेत रीतसर स्थान मिळाले नाही. हाच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास उपस्थित होता. उलटपक्षी, गॅलिलीओवरील १६३३ च्या खटल्यासारख्या घटनांवरून ख्रिस्ती धर्म मुळातच विज्ञानाचा वैरी आहे, अशी समजूत दृढ झाली.

महाराष्ट्रातील स्वरूप : कोकणातील मुरूडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे निरीश्वरवादी व संततिनियमनाचे प्रवर्तक मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा उघड पुरस्कार केल्यामुळे त्यांना मिशनच्या या महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. मात्र त्यांच्या समाजस्वास्थ्य मासिकास हिंदू सनातन्यांचा विरोधही कमी नव्हता; त्यामुळे हे प्रकरण केवळ ख्रिस्ती असहिष्णुतेचे उदाहरण मानता येत नाही. याच्या उलट बाजूस, पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शाह या धर्मनिरपेक्षतावादी विचारवंताने संपादित केला. तो महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला.

सिंधुदुर्ग जिल्हा : मालवण, वेंगुर्ले व सावंतवाडी या भागांत रोमन कॅथलिकांची जुनी वस्ती असून भाषा, नातेसंबंध व आचार यांबाबत तिचा गोव्याशी निकट संबंध आहे. २००५ मध्ये सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. त्याचे केंद्र सावंतवाडी येथे आहे. या किनाऱ्यावर दोन वर्गांत संघटित संघर्ष आढळत नाही. बुद्धिप्रामाण्यवादी कार्यकर्त्यांचा रोख येथे मुख्यतः भगत, भूतबाधा व करणी यांकडे राहिला असून चर्चशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध थोडाच येतो. परिचयाच्या अभावी ऐकीव प्रतिमा टिकून राहतात. वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक रुग्णालय अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी चालविले. प्रार्थना व शस्त्रक्रिया एकाच ठिकाणी नांदत असल्याचे हे उदाहरण ‘विज्ञानविरोधी ख्रिस्ती’ या साच्यात बसत नाही.

खरा ताण घरात संभवतो. बाप्तिस्मा, विवाह व दफन हे तिन्ही संस्कार चर्चशी निगडित असल्यामुळे श्रद्धा सोडणे म्हणजे आप्तांना व गावाला सोडणे, असा अर्थ घेतला जातो. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार, उघडपणे धर्मत्याग करून मृत्यूपूर्वी पश्चात्तापाचे चिन्ह न दाखविणाऱ्यास चर्चचा अंत्यविधी नाकारला जातो. त्यामुळे मुलाचे अश्रद्ध होणे हा आईवडिलांना केवळ मतभेद वाटत नाही, आणि त्यांच्या आग्रहामागील हे भय मुलास केवळ जुलूम वाटते.

चमत्कार व कायदा : उघड संघर्षाचे ठळक उदाहरण मुंबईतील आहे. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ले येथील इर्ला भागातील चर्चमध्ये क्रूसमूर्तीतून पाणी ठिबकू लागले. सनल एडमरुकू या बुद्धिवाद्याने, तुंबलेल्या सांडपाण्याच्या वाहिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीतून चढत असल्याचे दाखविले. दूरचित्रवाणीवरील वादात चर्चवरही आरोप झाल्यामुळे भारतीय दंड संहितेच्या कलम २९५ अ खाली त्याच्याविरुद्ध तक्रारी करण्यात आल्या व तो फिनलंडला निघून गेला. हे कलम १९२७ मध्ये समाविष्ट झाले. २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ त्याच्या जागी आले आहे. बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेला धर्माचा अवमान एवढाच या गुन्ह्याचा विषय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये स्पष्ट केले होते. वस्तुतः चमत्काराची शहानिशा चर्चलाही परकी नाही : फ्रान्समधील लूर्द येथे रोगमुक्तीच्या दाव्यांची तपासणी करणारे वैद्यकीय कार्यालय १८८३ पासून आहे.

समन्वयाचे प्रयत्न : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये निरीश्वरवाद अमान्य करतानाच, त्याच्या प्रसारास श्रद्धावंतांचे स्वतःचे दोषही कारणीभूत असल्याचे मान्य केले व संवादाचा पुरस्कार केला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने चमत्काराच्या नावाखाली होणारी फसवणूक सर्वधर्मीयांना समान दंडनीय ठरविली. उपासना व प्रार्थना यांना मात्र संरक्षण दिले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील सद्‌सद्‌विवेकाच्या स्वातंत्र्यात ‘आपला कोणताही धर्म नाही’ असे जाहीर करण्याचा हक्कही अंतर्भूत असल्याचा निर्णय दिला. या निर्णयामुळे निरीश्वरवाद्यांचाही हक्क सुस्पष्ट झाला. तथापि तो मिळविणारे अर्जदार निरीश्वरवादी नव्हते. येशू ख्रिस्तावर श्रद्धा असूनही ख्रिस्ती धर्म वा अन्य कोणताही धर्म आपणास लावला जाऊ नये, अशी त्यांची मागणी होती.