पोटाचं दुखणं पदराआड नको!

आमच्या बचत गटात एक वहिनी आहेत. पंचेचाळिशीच्या. पहाटे पाचला उठून सगळ्यांचे डबे करणार आणि स्वतः पहिला घास खाणार तो दुपारी दीड-दोनला! तोवर नुसता चहा. गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी रोज चालूच. पोटात आग पडली की 'पित्त झालंय' म्हणायचं आणि पुन्हा कामाला लागायचं.

एका बैठकीत हिशेबाची वही हातात असतानाच त्यांना घेरी आली. तालुक्याच्या गावी नेलं. हिमोग्लोबिन फक्त सहा! दुर्बिणीने तपासल्यावर कळलं, जठरात जखम होऊन रक्त झिरपत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "शौचाला काळी होत होती का?"

वहिनी खाली बघत म्हणाल्या, "तीन आठवडे झाले. मला वाटलं, रक्तवाढीच्या गोळ्यांमुळे असेल. आणि असलं कुणाला सांगायचं?"

मैत्रिणींनो, घरातल्या प्रत्येकाचा घास आपण मोजतो, पण आपल्या घासाचं पुढे काय होतं, हे कुठे माहीत असतं? पचन सुरू होतं ते तोंडातच. लाळेमुळे भाकरीतल्या पिष्टाची साखर व्हायला लागते, म्हणून चावून खायचं. मग साधारण पंचवीस सेंटिमीटरच्या अन्ननलिकेतून घास जठरात उतरतो. तिथे तीव्र आम्ल असतं. ते जठरालाच जाळत नाही, कारण आत बुळबुळीत अस्तराचं संरक्षण असतं. पुढे सुमारे सहा मीटर लांबीचं लहान आतडं! यकृतातलं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस इथे मिसळतो आणि अन्नातलं सत्त्व रक्तात जातं. उरलेलं पाणी मोठं आतडं शोषून घेतं.

वहिनींच्या बाबतीत ते अस्तरच दुबळं झालं. वेदना आणि सूज कमी करणाऱ्या बऱ्याच गोळ्या हे संरक्षण कमी करतात. जेवून घेतल्या म्हणजे धोका टळला असंही नाही, कारण रक्तात गेल्यावरही त्यांचा हा परिणाम होतोच. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. त्यावर औषध आहे, चौदा दिवसांचा कोर्स पुरतो. पण तो मध्येच सोडायचा नाही.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळी होते, हे खरंच. पण डांबरासारखी चिकट, काळी आणि घाण वासाची झाली, चक्कर आली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. विनाकारण वजन घटत असेल, घास अडकत असेल, तरी अंगावर काढू नका. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका. आणि जेवणासोबत चहा नको, त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

वहिनी आता बऱ्या आहेत. सकाळी डबे भरायच्या आधी स्वतःची भाकरी खातात. परवा हसून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी चोरी केल्यासारखं वाटलं हो!"

आपल्याच घरात, आपल्याच हातची भाकरी वेळेवर खाणं ही चोरी कशी असेल?